पुढच्या वर्षी परत येणाऱ्यांची संघटना

1904-05 या शैक्षणिक वर्षात न्यू यॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठात सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी शिकत होते. पुढचे वर्ष उजाडले तेव्हा त्यांतला एकही परतला नाही. ‘अल्फा फाय अल्फा’ या विद्यार्थी-बंधुसंघाचा इतिहास चार्ल्स वेस्ली यांनी 1929 साली लिहिला, त्यात ही नोंद आहे. हा बंधुसंघ का निघाला, याचे उत्तर मला या एका नोंदीत मिळते.

विद्यापीठाने त्या सहा जणांना दार बंद केले होते असे नाही. कॉर्नेल 1868 साली उघडले तेच कोणालाही कोणताही विषय शिकता यावा या घोषणेने. 1890पासून तिथे कृष्णवर्णीय पदवीधरही होत होते. पण प्रवेश मिळणे वेगळे आणि टिकून राहणे वेगळे. मुलग्यांसाठी विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहे तेव्हा नव्हती. गोरे विद्यार्थी आपापल्या फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे बंधुसंघाच्या, प्रशस्त घरांत किंवा खानावळवजा बिऱ्हाडांत राहत. कृष्णवर्णीय मुलांना ही दोन्ही दारे बंद. ती टेकडीवरच्या विद्यापीठापासून खाली, गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी राहत आणि पोटासाठी मिळेल ते काम करत. त्यांतली काही तर ज्या फ्रॅटर्निटी-घरांत त्यांना सदस्य म्हणून कधीच पाऊल टाकता आले नसते, तिथेच जेवणाच्या टेबलावर वाढप्याचे काम करत. अभ्यासाच्या टिपणांसाठी, जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी, कोणता प्राध्यापक काय विचारतो हे सांगण्यासाठी त्यांना वरच्या वर्गातला कोणी नव्हता, कारण वरच्या वर्गातला गेल्याच वर्षी निघून गेला होता.

वसतिगृहात राहून शिकलेल्या मंडळींनी काढलेल्या या स्मरणिकेच्या वाचकांना हे फोड करून सांगायला नको. शाहू महाराजांनी 1901 साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले ते याच ओळखीतून : फी माफ झाली तरी शहरात पाठ टेकायला जागा नसेल तर पोर गावी परत जाते. कोल्हापुरात निदान एक राजा पाठीशी होता. इथाकात मुलांनाच मुलांसाठी उभे राहावे लागले.

1905-06च्या वर्षी नवे विद्यार्थी आले ते गेल्या वर्षाची हकिगत ऐकूनच. चार्ल्स पॉइन्डेक्स्टर हा पदव्युत्तर विद्यार्थी वयाने आणि अनुभवाने मोठा. त्याने पुढाकार घेऊन नॉर्थ अल्बनी रस्त्यावरच्या एका घरी दर पंधरवड्याला सर्वांना एकत्र आणायला सुरुवात केली. वाचन, चर्चा, एकमेकांचा अभ्यास घेणे, असे साहित्य-मंडळासारखे त्याचे स्वरूप होते. त्या वर्षी मुले टिकली. मात्र टिकल्यावर पुढे काय, यावर मतभेद झाले.

तो मतभेद समजायचा तर फ्रॅटर्निटी ही चीज काय आहे हे थोडक्यात पाहिले पाहिजे. अमेरिकन महाविद्यालयांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या गुप्त मंडळांची परंपरा 1776पासूनची. त्या वर्षी 5 डिसेंबरला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ निघाले आणि चार-पाच वर्षांतच येल आणि हार्वर्डला त्याच्या शाखा झाल्या. शपथ, गुप्त खूण, दीक्षेचा विधी आणि दुसऱ्या कॉलेजात शाखा काढण्याची परवानगी हा सगळा साचा तिथलाच. 1825नंतर न्यू यॉर्कमधल्या युनियन कॉलेजातून निवासी, सामाजिक फ्रॅटर्निटींची लाट उसळली. शतक संपेपर्यंत त्यांची स्वतःची घरे झाली, मुलींच्या सोरॉरिटी झाल्या आणि या घरांतली ओळख पुढे बँकेत, वकिलीत, राजकारणात उपयोगी पडू लागली. पदवी चार वर्षांची, फ्रॅटर्निटी जन्माची. गोऱ्या अमेरिकेचे एक मोठे सामाजिक भांडवल या घरांत साठत गेले आणि कृष्णवर्णीयांना त्याच्या आसपासही फिरकू दिले जात नव्हते. अनेक संघांच्या घटनांत तसे लेखी कलमच होते.

पॉइन्डेक्स्टरचे म्हणणे होते की ही नक्कल नको, साहित्य-मंडळच पुरे. विद्यापीठात मूठभर असलेल्यांनी गुप्त मंडळ काढून स्वतःतच भिंती का घालाव्यात, हा त्याच्या विचाराचा रोख होता. दुसरी बाजू तरुण मुलांची. त्यांच्यातल्या रॉबर्ट ओगलच्या वाचनात वर्तमानपत्रातली एक बातमी आली होती : ओहायोत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी फ्रॅटर्निटी काढली आहे. चौकशी केली तर तिथे तसे काही हाती लागले नाही. तरीही कल्पना मनात रुजली ती रुजलीच. चर्चामंडळ वर्षभर चालेल, पण मंडळ चालवणारे पदवी घेऊन गेले की तेही जाईल. त्यांना हवे होते ते न विरघळणारे, एका गावापुरते न राहणारे असे काहीतरी.

4 डिसेंबर 1906 रोजी निर्णय झाला. ‘अल्फा फाय अल्फा’ ही फ्रॅटर्निटी म्हणूनच राहील. पॉइन्डेक्स्टर लवकरच बाजूला झाला आणि पुढे व्हर्जिनियात हॅम्प्टनला गेला. संस्थापकांच्या यादीत त्याचे नाव नाही. मला व्यक्तिशः वाटते की ते असायला हवे होते. ज्या माणसाने परतून न येणाऱ्यांच्या जागी परतून येणाऱ्यांची सवय लावली, त्याचे ऋण मतभेदामुळे फिटत नाही. खरे तर संस्थापक नेमके कोण, याबद्दल संघातही पुढे दीर्घकाळ ऊहापोह चालला. अखेर जी सात नावे कायम झाली त्यांना संघाचे लोक ‘ज्वेल्स’, म्हणजे रत्ने, म्हणतात.

ती सात नावे अशी : हेन्री आर्थर कॅलिस, चार्ल्स हेन्री चॅपमन, यूजीन किंकल जोन्स, जॉर्ज बिडल केली, नॅथॅनियल ॲलिसन मरे, रॉबर्ट हॅरल्ड ओगल आणि व्हर्टनर वुडसन टँडी. केली पहिल्या शाखेचे पहिले अध्यक्ष. पुढे न्यू यॉर्क राज्यातले पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय अभियंता झाले. टँडी त्याच राज्यातले पहिले नोंदणीकृत कृष्णवर्णीय वास्तुविशारद. हार्लेममधले सेंट फिलिप्स चर्च त्यांनी जॉर्ज फॉस्टर यांच्यासोबत उभारले, आणि केशप्रसाधनांच्या धंद्यातून श्रीमंत झालेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांची हडसन नदीकाठची हवेलीही त्यांचीच. कॅलिस डॉक्टर झाले आणि सातांत सर्वांत अखेरपर्यंत, 1974पर्यंत, जगले. चॅपमन फ्लोरिडात शेतकीचे प्राध्यापक, मरे वॉशिंग्टनमध्ये शिक्षक. ओगल यांनी सिनेटच्या अर्थविषयक समितीच्या कचेरीत काम केले. संघाचे काळा आणि जुन्या सोन्याचा हे रंग त्यांनीच सुचवलेले. जोन्स हे नॅशनल अर्बन लीग या संस्थेचे पहिले कार्यकारी सचिव. गावाकडून उत्तरेच्या कारखान्यांकडे लोंढ्याने येणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना घर आणि काम मिळवून देण्याची यंत्रणा उभारण्यात त्यांचे आयुष्य गेले.

जोन्स यांचे आणखी एक काम मला त्याहून मोठे वाटते, कारण त्यावाचून हा संघ इथाकातच संपला असता. डिसेंबर 1907 मध्ये त्यांनी दोन शाखा काढल्या. बीटा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, गॅमा रिचमंडच्या व्हर्जिनिया युनियन विद्यापीठात. दुसरी जागा त्यांच्या घरचीच होती : वडील तिथे प्राध्यापक आणि ते स्वतः तिथलेच पदवीधर. या दोन शाखांनी संघाचा पिंड बदलला. कॉर्नेल गोऱ्यांचे विद्यापीठ, तिथे एकटेपणाशी झुंज. हॉवर्ड आणि व्हर्जिनिया युनियन ही कृष्णवर्णीयांची विद्यापीठे; तिथे संख्या होती, प्राध्यापक होते, पुढाऱ्यांची वर्दळ होती. एकट्या पडलेल्यांचा संघ आणि बहुसंख्येने असलेल्यांचा संघ असे दोन प्रवाह सुरुवातीलाच एक झाले.

त्यानंतर शाखांची रांग लागली. 1908 मध्ये डेल्टा थेट कॅनडात, टोरांटो विद्यापीठात. ती फार काळ टिकली नाही, पण तिच्यामुळे संघाने देशाची सीमा ओलांडली. त्याच वर्षअखेर हॉवर्डला पहिले सर्वसाधारण अधिवेशन भरले. 1909 मध्ये मिशिगन, येल आणि कोलंबिया. ज्या शहरात एकेका कॉलेजात दोन-चारच कृष्णवर्णीय विद्यार्थी, तिथे सगळ्या शहराची मिळून एक शाखा. बॉस्टनची सिग्मा त्यांतली. शाखांची नावे ग्रीक वर्णमालेच्या क्रमाने पडत गेली आणि अक्षरे संपल्यावर जोडाक्षरी नावे आली. शेवटचे अक्षर ओमेगा मात्र कोणत्याही शाखेला दिलेले नाही. सदस्य वारला की तो ‘ओमेगा शाखेत गेला’ असे म्हणतात.

1911 साली केंटकीतल्या लुइव्हिल शहरात जे घडले ते या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे पान आहे असे माझे ठाम मत आहे. त्या वर्षी पदवीधरांची पहिली शाखा स्थापन झाली. पुढे अशा शाखांच्या नावाअखेर ‘लॅम्डा’ अक्षर लावण्याची पद्धत पडली. यानंतर सदस्यत्व कॉलेज सुटल्यावर आठवणीपुरते उरले नाही. शिक्षक, डॉक्टर, टपाल कचेरीतला कारकून, वकील, धर्मोपदेशक हे आपल्या गावी शाखेत येत राहिले, वर्गणी देत राहिले. गोऱ्या फ्रॅटर्निटीतही माजी सदस्य असतात, पण तिथला केंद्रबिंदू कॉलेजातले घर. इथे केंद्रबिंदू हळूहळू पदवीधर शाखांकडे सरकला. ज्या समाजाला बँक कर्ज देत नाही, नगरपालिका दाद देत नाही, त्याच्या मिळवत्या माणसांची ही महिन्याकाठची बैठक म्हणजे पुढच्या सगळ्या कामाची तिजोरी होती.

बीटा शाखेच्या निमित्ताने एक गोष्ट सांगायलाच हवी. हॉवर्डमधली एथेल हेजमन ही विद्यार्थिनी बीटाचे सदस्य जॉर्ज लाइल यांच्याकडून या संघाची हकिगत ऐकत होती. मुलींसाठी असे का नसावे, हे तिने मनावर घेतले आणि 15 जानेवारी 1908 रोजी ‘अल्फा कॅपा अल्फा’ स्थापन झाली. कृष्णवर्णीय स्त्रियांची ही पहिली सोरॉरिटी. एथेल आणि लाइल पुढे विवाहबद्ध झाले. 1913 मध्ये हॉवर्डमध्येच ‘डेल्टा सिग्मा थीटा’ निघाली आणि तिच्या संस्थापक मुलींनी स्थापनेनंतर दोन महिन्यांच्या आतच, 3 मार्चला, वॉशिंग्टनच्या स्त्री-मताधिकार मोर्चात भाग घेतला. मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांना मागे ठेवण्याचा आग्रह होता, तरी त्या चालल्या. पुरुषांच्या संघाचा इतिहास लिहिताना या मुलींचा उल्लेख तळटीप म्हणून करण्याची रीत मला मान्य नाही. विचार एकाच आवारातला, आणि धाडस अनेकदा त्यांचे अधिक. अशा नऊ संघांची आज एक परिषद आहे. ती 1930 साली हॉवर्डला सुरू झाली, अल्फा तिच्यात पुढच्या वर्षी आला.

1914 पासून संघाचे मुखपत्र निघू लागले. नाव ‘स्फिंक्स’. अक्षरे ग्रीसची घेतली, पण प्रतिमा आफ्रिकेच्या भूमीवरची निवडली, यात त्या तरुणांचे भान दिसते. पहिल्या महायुद्धानंतर, 1919-20च्या सुमारास, ‘हायस्कूलला जा, कॉलेजला जा’ ही मोहीम सुरू झाली. शाखांचे लोक शाळांत, चर्चमध्ये जाऊन मुलांशी आणि पालकांशी बोलत. दक्षिणेत अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांसाठी हायस्कूलच नव्हते, तेव्हा ही मोहीम नुसत्या उपदेशाची राहू शकत नव्हती. पुस्तके, शिष्यवृत्त्या, शहरात राहण्याची सोय हेही तिच्या पोटात आले. 1930च्या दशकात तिला दुसरी जोड मिळाली : मतदार नोंदणीची. मत नसलेल्या लोकांना आशाही नसते, हे तेव्हाचे त्यांचे घोषवाक्य. वेस्ली यांनी 1931 ते 1940 अशी नऊ वर्षे संघाचे अध्यक्षपद सांभाळले. हार्वर्डचे पीएच.डी. इतिहासकार, धर्मोपदेशक आणि पुढे विद्यापीठाचे प्रमुख असलेल्या या माणसाने संघाची करमणुकीकडे झुकणारी मान कामाकडे वळवली.

आता न्यायालयाकडे येतो. 1935 साली डोनाल्ड गेन्स मरे या ॲमहर्स्ट कॉलेजच्या पदवीधराला मेरिलँड विद्यापीठाच्या कायदा शाखेने केवळ वर्णामुळे प्रवेश नाकारला. अशी लढाई लढायचीच, हे संघाच्या वकील सदस्यांनी, विशेषतः बेलफर्ड लॉसन यांनी, आधीपासून मनात धरले होते. न्यायालयात उभे राहिले चार्ल्स ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गूड मार्शल. दोघेही अल्फाचे सदस्य. मार्शल लिंकन विद्यापीठाच्या नू शाखेचे. मार्शल बाल्टिमोरचेच. घराजवळच्या मेरिलँडच्या कायदा शाखेत वर्णामुळे जागा नव्हती म्हणून ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये जाऊन कायदा शिकले होते. त्याच शाखेविरुद्ध आता ते उभे होते. जून 1935 मध्ये बाल्टिमोरच्या न्यायाधीशांनी मरेला प्रवेश देण्याचा आदेश दिला. जानेवारी 1936 मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो कायम केला. तर्क साधा होता : राज्यात कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचे दुसरे महाविद्यालयच नाही, तर ‘वेगळे पण समान’ कुठून आणणार? मरे 1938 साली पदवीधर झाला. शाळांतली वर्णावर आधारलेली विभागणी घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954च्या ब्राउन निकालाचा रस्ता ज्या खटल्यांतून गेला, त्यांतला हा अगदी आरंभीचा.

दुसरा खटला जेवणाच्या टेबलाचा. 1942च्या मे महिन्यात एल्मर हेंडरसन हे सरकारी कामानिमित्त सदर्न रेल्वेने दक्षिणेकडे निघाले होते. गाडीच्या भोजनडब्यात स्वयंपाकघराजवळची दोन टेबले कृष्णवर्णीयांसाठी, मध्ये पडदा. डबा भरला की तीही गोऱ्यांना देत. हेंडरसन गेले तेव्हा त्या टेबलांवर गोरे प्रवासी बसले होते, एक खुर्ची रिकामी होती, तरी त्यांना वाढले नाही. हा खटला अल्फाने आपल्या पैशाने आठ वर्षे चालवला. लॉसन तेव्हा संघाचे अध्यक्षही होते आणि वकीलही. 5 जून 1950 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पडदा आणि राखीव टेबल दोन्ही बेकायदा ठरवले. एका भोजनडब्यासाठी आठ वर्षे वर्गणी भरणारे हजारो शिक्षक आणि कारकून यांची नावे कुठल्याही निकालपत्रात येत नाहीत. संस्थेचा इतिहास लिहिताना ती जागा आपण त्यांच्यासाठी राखली पाहिजे.

याच सुमारास संघाने आपल्या घटनेतली वर्णाची अट काढून टाकली आणि 1940च्या दशकातच पहिले गोरे सदस्य आले. बहुसंख्य गोऱ्या फ्रॅटर्निटी त्या वेळी आपली कलमे जपून बसल्या होत्या.

1952 साली बॉस्टन विद्यापीठात डॉक्टरेट करणारा एक तरुण धर्मोपदेशक सिग्मा शाखेत दाखल झाला : मार्टिन ल्यूथर किंग. ऑगस्ट 1956 मध्ये, वर्णभेदाविरुद्धचा माँटगमरीचा बस-बहिष्कार चालू असतानाच, त्यांनी बफेलो शहरातल्या संघाच्या सुवर्णमहोत्सवी अधिवेशनात भाषण केले. 1959 साली ते भारतात आले, मुंबईत गांधीजींच्या मणिभवनात राहिले. आणखी एक धागा महाराष्ट्राशी जोडलेला आहे. ज्येष्ठ विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस हे या संघाचे सुरुवातीच्या काळापासूनचे सन्माननीय सदस्य. 1946 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली आणि त्यांनी 31 जुलैला उत्तर पाठवले. संघाशी त्या पत्राचा थेट संबंध नाही. पण दोन्ही देशांत शिक्षणाच्या दाराशी अडवलेली माणसे एकमेकांची कागदपत्रे मागवून वाचत होती, ही नोंद या स्मरणिकेत असावी असे मला वाटले.

किंग यांच्या हत्येनंतर त्यांचे स्मारक वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय उद्यानभूमीत व्हावे, हा विचार 1984 साली संघाच्या सदस्यांनी मांडला. अमेरिकी काँग्रेसची मंजुरी 1996 मध्ये मिळाली, आणि 16 ऑक्टोबर 2011 रोजी टायडल बेसिनच्या काठी चिनी शिल्पकार लै यिशिन यांनी घडवलेले 30 फूट उंचीचे शिल्प लोकार्पण झाले. त्या परिसरात, राष्ट्राध्यक्षांच्या स्मारकांच्या शेजारी, एका कृष्णवर्णीय व्यक्तीचे ते पहिले स्मारक. कल्पनेपासून लोकार्पणापर्यंत सत्तावीस वर्षे लागली, आणि एवढा काळ एकच काम हातात धरून ठेवणे पदवीधर शाखांमुळेच शक्य झाले.

या इतिहासातले एक पान दुःखाचे आहे आणि ते गाळले तर बाकीच्या पानांवरचा विश्वास उडेल. नव्या उमेदवारांना दीक्षेपूर्वी ‘प्लेज’ म्हणून राबवण्याची, अपमानित करण्याची आणि मारहाणीपर्यंत जाणारी प्रथा गोऱ्या फ्रॅटर्निटींतून इथेही शिरली. उंबरठ्यावर अपमान सोसलेल्यांच्या संघाने स्वतःच्या उंबरठ्यावर तेच करावे, याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने होऊ शकत नाही. 1980च्या दशकात काही तरुणांचे जीव गेले. 1990 साली परिषदेतल्या तेव्हाच्या सर्व संघांनी प्लेजिंगची पद्धतच बंद केली आणि प्रवेश अर्ज, मुलाखत, अभ्यासवर्ग आणि दीक्षा एवढ्यावर आणला. नियम झाला म्हणून लपूनछपून होणारे प्रकार संपले नाहीत. त्यानंतरही शाखांवर बंदीची कारवाई करावी लागली आहे, न्यायालयात भरपाई द्यावी लागली आहे. आज प्रत्येक कॉलेज-शाखेवर पदवीधर शाखेतला एक सल्लागार नेमलेला असतो. नवी भरती त्याच्या देखरेखीशिवाय होऊ शकत नाही, आणि काही वावगे घडले तर जबाब त्यालाही द्यावा लागतो.